अड्डपालखी आणि अक्काचा ओटा

फसली सन तेराशे पंचावन्न. इंग्रजी हिशोबानं ते शेहेचाळीस साल, असं माझा नातू सांगतो. माझं नाव बसू, मी तवा अठरा वर्षांचा होतो. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, तीबी उर्दूतली. अलिफ-बे शिकलो, मास्तरच्या छडीसमोर दोनचारदा उभा राहिलो आणि एक दिवस दप्तर खुंटीला लावून घरी बसलो. मराठी अक्षरं पुढं दुकानांच्या पाट्या वाचत वाचत आली. ही गोष्ट गावात अजून सांगतात, पण जो तो आपल्या सोयीची सांगतो. कुणी म्हणतं मी स्वामींच्या पाया पडून माफी मागितली, कुणी म्हणतं स्वामींनी चमत्कार केला. दोन्ही खोटं. मी तिथं होतो, सांगणाऱ्यांतले बहुतेक तवा जन्मले नव्हते.

आमचं गाव बालाघाटाच्या माथ्यावर, उघड्या माळाला. दिवसा ऊन आहेच, पण दिवस कलला की असं वारं सुटतं की बाहेर निजणाऱ्याला घोंगडी लागते. गावाबाहेर स्वामींचा मठ, मठाला लागून आमराई, आमराईत दगडी बारव. मोठ्या स्वामींची मूळ गादी लांब कानडी मुलखात. तिकडं उन्हाळ्यात भुई भाजते, म्हणून चैत सरता सरता ते आमच्याकडं मुक्कामाला यायचे आणि मिरगाच्या आधी परत जायचे. तेवढे दिवस गावाचा अंगरखाच बदलायचा. पहाटे मठात शंख वाजला की कुत्री भुंकायची, कुत्री भुंकली की बाया उठायच्या, आणि जात्यांची घरघर सुरू व्हायची ती दुपारपर्यंत. कलबुर्गीकडून, सोलापुराकडून, घाटाखालच्या गावांतून गाड्या यायच्या. मठाच्या चुलाणावर गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, शिजायची, तिचा गुळाचा वास वाऱ्याबरोबर पार तळ्यापर्यंत जायचा. निम्मं गाव घरात कानडी बोलायचं आणि बाजारात मराठी. उन्हाळ्यात मात्र बाजारातबी कानडीच. आता स्वामी मोटारीनं येतात, मठात गार हवेचं यंत्र बसवलंय. मग इथं यायचं तरी कशाला, हे मी एकदा विचारलं होतं.

घरात आम्ही तिघंच, बाप म्हणजे अप्पा, थोरली बहीण अक्का आणि मी. अव्वा, म्हणजे आई, मी रांगत होतो तवाच गेली. मला वाढवलं अक्कानं. अक्काला माकणीला दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणली तवा ती भांडली नाही, रडली नाही. लग्नात अप्पानं दिलेलं दगडी उखळ तेवढं एका गाडीवानाच्या गाडीत घातलं आणि आपण गाडीमागं चालत निघाली. गाडीवान म्हणाला, "बाई, तुमी बी बसा की." तर म्हणाली, "उखळाचं वजन हायच. बैलानं माझं कशाला वढायचं?" अशी ती घरी आली आणि आत येऊन पहिलं काय विचारलं, तर पीठ कुठं ठेवलंय.

टाकलेली लेक दारात बसली की येणारा जाणारा थांबतो. "कवा जायाची गं परत?" असं विचारतो. त्याला माहीत असतं, तरी विचारतो. अप्पानं हे आठ दिवस ऐकलं. अप्पा बोलणारा माणूस नव्हता. नवव्या दिवशी त्यानं बैल जुंपले आणि ओढ्यातनं दगड आणायला लागला. दाराच्या डाव्या अंगाला, भिंतीला धरून त्यानं ओटा बांधला. मी दगड द्यायला गेलो तर म्हणाला, "बाजूला सर. माझं मला करू दे." चिखल त्यानं तुडवला, दगड त्यानं बसवले, वरची सपाट शिळाबी एकट्यानं पहारीवर सरकवत नेली. ओटा झाल्यावर उखळ उचलून वर ठेवलं आणि अक्काला म्हणाला, "बस." एवढंच.

अक्का बसली ती बसलीच. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, असं तेल सुटेपर्यंत कुटायची. मुसळाचा तो धप्प धप्प आवाज आमच्या गल्लीचं घड्याळ होता. शेंगाची चटणी आणि उन्हात वाळवलेली कडक भाकरी, एवढंच तिचं दुकान. पण ती चटणी घ्यायला स्वामींच्या दर्शनाचे लोक मठाच्या आधी आमच्या दारात यायचे. कुणी ज्वारी द्यायचं, कुणी आणे. आता तिला कुणी विचारत नव्हतं परत कवा जायाची. विचारायचे, "अक्का, तिखट लई हाय का?" आणि ती म्हणायची, "तुमच्या तोंडाएवढं हाय."

आता पालखीचं सांगतो, कारण आजकालच्या पोरांना अड्डपालखी कळत नाही. राजाची, नवरदेवाची पालखी उभी जाते, भोई एकामागं एक. मोठ्या स्वामींची पालखी आडवी जाते. दांडी रस्त्याच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, दोन्ही टोकांना खांदेकरी, मधी स्वामी तोंड पुढं करून बसलेले. आडवी पालखी आली की समोरचा कुणीबी असो, पाटील असो, निजामाचा अंमलदार असो, त्याला बाजूला जागाच उरत नाही, मागंच फिरावं लागतं. मान तो आहे. वेशीपासून मठापर्यंत ती मधी कुठं भुईला टेकवायची नाही, हाबी नेम. डाव्या टोकाचा पहिला खांदा आमच्या घराचा होता. कुठं थांबायचं, कुठं वळायचं, कुठं खांदा बदलायचा, ते डाव्या टोकाच्या माणसानं ओरडून सांगायचं आणि बाकीच्यांनी विचार न करता तसं करायचं. एरवी अप्पाचं गावात कुणी ऐकत नव्हतं. घरात अक्काबी ऐकत नव्हती. पण वर्षातनं एक दिवस, दांडी खांद्यावर असेपर्यंत, सगळे ऐकायचे.

जुनी पालखी सागवानी होती, आखूड दांडीची. ती आमच्या गल्लीतनं नीट जायची, ओटा झाल्यावरबी दोन वर्षं गेली. त्या साली मात्र मलकाप्पा शेटनं नवी पालखी केली. मलकाप्पा शेट म्हणजे आमच्या समोरचा आडत्या. त्याच्या दुकानाला शहाबादी फरशीच्या रुंद पायऱ्या होत्या, थेट गल्लीत उतरणाऱ्या. पालखीला चांदीचा पत्रा, दांडीच्या टोकांना चांदीचे नंदी. शेटनं कारागिराला माप दिलं ते मूळ मठापुढच्या रस्त्याचं, जिथनं दोन गाड्या शेजारनं जातील. आपल्या गावची गल्ली मोजायचं एवढ्या मोठ्या आडत्याला सुचलं नाही. रोज तिच्यावर पाय ठेवून दुकानात चढायचा, पण गल्ली किती रुंद आहे हे त्याला कधी बघावं लागलं नव्हतं.

स्वामी यायला दोन दिवस राहिले असताना शेट आणि दोन पंच दांडीएवढा बांबू घेऊन गल्लीत उतरले. दोघं गडी बांबू आडवा धरून चालत होते. वेशीपासून सगळं ठीक होतं. आमच्या दारात बांबूचं डावं टोक ओट्याला लागलं, आणि त्याच वेळी उजवं टोक शेटच्या पायरीला. मी ओट्याशेजारी वैरण कापत होतो, अक्का वर बसून कुटत होती.

शेट म्हणाला, "हा ओटा आडवा येतुया."

मी म्हटलं, "पायरी बी येतीया."

"पायरी पहिल्यापास्नं हाय."

"मग पायरी पहिल्यांदा काढा."

एक पंच हसला. शेटनं त्याच्याकडं बघितलं तसा त्यानं हसू गिळलं. शेट मला म्हणाला, "बसू, तुज्या बापाला बलाव." अप्पा आतनं आला. शेटनं त्याला जवळ घेतलं, खांद्यावर हात ठेवला. "तुमी मानकरी मानसं. तुमच्या दारात स्वामींची पालखी अडली तर तोंड कुठं लपवशीला? परवाच्या आत एवढा काढून टाका. आन् खरं सांगायचं तर, टाकलेल्या बाईचं तोंड पालखीला पहिल्यांदा दिसावं, ही बी काय बरी गोष्ट न्हाय." हे त्यानं हळू म्हटलं, पण अक्काला ऐकू जाईल एवढं मोठं. मुसळ थांबलं नाही.

अप्पा म्हणाला, "काढतो शेट. देवाच्या कामाला माझा ओटा मोठा हाय का."

शेट गेल्यावर अप्पा पहार घेऊन आला. मी पहारीवर हात ठेवला.

"सोड बसू. म्या शबूद दिलाय."

"तुमी दिला आसल. म्या न्हाय दिला."

"स्वामी हायत ते. तुज्या-माज्या पंक्तीतलं मानूस न्हाय."

"स्वामी कुठं म्हनले ओटा फोडा? शेट म्हनला. त्याची दांडी लांब झाली म्हनून आपलं घर आखूड करायचं व्हय? दांडी काप म्हनावं. न्हायतर पायऱ्या फोड म्हनावं."

"चांदीची दांडी हाय ती."

"आन् हे दगूड कुनी वाहिले, अप्पा?"

अप्पानं माझ्याकडं बघितलं. मग पहार सोडली. ती माझ्या हातात राहिली, आणि मी ती परड्यात नेऊन कडब्याच्या गंजीत पार आतपर्यंत खुपसली. अप्पा त्या दिवशी जेवला नाही. अक्कानं आंबील पुढं ठेवली, ती तशीच राहिली. अक्का मला म्हणाली, "तू माझ्यासाठी भांडू नगंस. म्या भुईवर बसून बी चटनी कुटीन." मी म्हटलं, "तू बसशील गं. मला बघवनार न्हाय." ती म्हणाली, "मग डोळं झाक." पण हसली.

दुसऱ्या दिवशी पंच पुन्हा आले. वाळीत टाकू म्हणाले. मी म्हटलं टाका, वाळीत टाकलेल्याकडची चटणी खायाला चोरून येनाराची रांग मी बघतो. अमीनसाबाला बोलवू म्हणाले, पोलिसात देऊ म्हणाले. मी म्हटलं बोलवा, त्याला टेकायला ओटा हायच. ह्या वयात माणूस बोलतो ते पोटातनं येतं, अकलेतनं येत नाही, असं म्हणतात. मी आज शंभरीकडं झुकलोय आणि तेच बोलीन.

पालखीचा दिवस उजाडला. गल्लीत सडा, रांगोळ्या, आंब्याच्या पानांची तोरणं. शेटच्या पायऱ्यांवर शालू नेसलेल्या बाया ताट घेऊन उभ्या. अप्पा पहाटेच धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला विभूती लावून वेशीकडं निघाला. जाताना त्यानं ओट्याकडंबी बघितलं नाही. मी ओट्यावर मांडी घालून बसलो. थोड्या वेळानं अक्का बाहेर आली. मला वाटलं ती मला उठवायला आली. तिनं सुपात दाणे आणले होते. बसली आणि कुटायला लागली. शेटची बायको समोरून म्हणाली, "अगं, आज तरी बंद ठेव." अक्का म्हणाली, "आज तर गिऱ्हाईक लई हाय, वैनी."

आधी हलगी ऐकू आली, मग सनई, मग "हर हर महादेव" चा गलका, आणि वळणावर चांदी चमकली. खरं सांगतो, पालखी देखणी होती. उन्हात ती डोळ्याला बघू देत नव्हती. दोन्ही बाजूंचे खांदेकरी भिंतींना घासत येत होते. डाव्या टोकाला माझा बाप, मान वाकडी, पायाखालची भुई बघत. जुन्या पालखीच्या दुप्पट तरी वजन असेल. चांदी हलकी नसते, आणि स्वामीबी काही हलके नव्हते. आमच्या दारापासून दोन हातांवर अप्पा ओरडला, "थांब." पालखी थांबली. वाजंत्री थांबली. मुसळाचा आवाज तेवढा राहिला, मग तोबी थांबला.

शेट पालखीच्या पुढं चालत होता. तो माझ्याजवळ येऊन दात ओठ खात म्हणाला, "उठ. आत्ता गडी लावून फोडतो." खरंच त्याचे गडी पहारी घेऊन मागं तयार होते. ओटा निघणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "फोडा. म्या हितंच बसलोय. पहिली पहार मला लागंल."

गडी पुढं आले नाहीत. आमच्याच गल्लीतली पोरं ती, अक्काच्या हातची चटणी खाऊन वाढलेली. शेट त्यांच्यावर ओरडत राहिला, मठाचा कारभारी कानडीत ओरडायला लागला, मागच्या गर्दीला काही दिसत नव्हतं म्हणून ती ढकलत होती. आणि ह्या सगळ्यात पालखी खांद्यावरच. खाली टेकवायची नाही. मी अप्पाकडं बघितलं. त्याच्या मानेची शीर उभी राहिली होती, विभूतीतनं घाम वाट काढून डोळ्यात उतरत होता. मी उठलो असतो तर तेवढ्यासाठी उठलो असतो. शेटसाठी नाही, स्वामींसाठी नाही. मी पाय खाली सोडलेबी होते.

अप्पानं मला मान हलवून नको म्हटलं. एवढीशी हलवली, दांडीखाली जेवढी हलेल तेवढी. आणि मग खांदेकऱ्याच्या त्या लांब आवाजात ओरडला, "डावी मागं. उजवी पुढं. उभी करा."

अशी हाक त्या पालखीला कुणी कधी दिली नव्हती. पण खांदा हाक ऐकतो, विचारत बसत नाही. अप्पा मागं सरला, त्याच्यामागचे सरले, उजवीकडचे पुढं गेले, आणि शेटनं तोंड उघडून काही म्हणायच्या आत आडवी पालखी उभी झाली. साध्या नवरदेवाच्या पालखीसारखी. दोन्ही बाजूंनी माणूस जाईल एवढी जागा उरली. पायऱ्यांवरच्या बाया ताट हातात धरून नुसत्या बघत राहिल्या. स्वामी पुढं तोंड करून बसलेले होते, पालखी फिरली तसं त्यांचं तोंड आमच्या ओट्याकडं झालं. शेटकडं पाठ.

ते सरकत सरकत आमच्यासमोर आले. म्हातारे होते, डोळ्याला पाणी येत होतं. त्यांनी बोट केलं आणि विचारलं, "ई कट्टी यारदु?" हा ओटा कुणाचा.

मी बोलणार तेवढ्यात अक्का उभी राहिली. हात जोडले, हाताला दाण्याचं कूट तसंच. म्हणाली, "नंद री, अप्पाजी." माझा आहे, स्वामी.

स्वामी म्हणाले, "हौदा." होय का. आणि पालखी पुढं गेली.

एवढंच झालं. लोक आता सांगतात की स्वामींनी तिला आशीर्वाद दिला, ओट्याला हात लावला, शेटला सुनावलं. काही नाही. हौदा म्हणाले. मला तेवढं पुरलं. त्यांनी विचारलं आणि तिनं तिच्या तोंडानं सांगितलं, ह्याहून जास्त आशीर्वाद काय करायचाय. आमच्या घरापुढं गेल्यावर पालखी पुन्हा आडवी झाली, ती हाकबी अप्पानंच दिली, आणि मठापर्यंत नेमानं नेऊन उतरवली.

दिवस मावळायच्या आत शेटनं पंच बसवले. मठाच्या ओसरीत अप्पाला उभं करून सांगितलं की पालखी उभी करून गुरूचा अपमान केला, आजपासून डावा खांदा तुमच्या घराचा नाही. तो शेटच्या पुतण्याला दिला. अप्पानं काय उत्तर दिलं म्हणून मी विचारलं. तिथं असलेला एकजण म्हणाला, "तुजा बाप म्हनला, पुतन्याला खांदा भरायला शिकवा, वजन लई हाय." आणि अप्पा तिथनं वळून निघाला.

घरी आला तो आत गेला नाही. धोतराचा सोगा झटकला आणि ओट्यावर बसला. अक्का उखळाच्या पलीकडं होती, ती जरा सरकली. दोघांना जागा अपुरी पडत होती, अप्पाचा एक पाय खाली लोंबत होता, खांदा सुजून कानाला लागला होता. अक्कानं तेल गरम करून आणलं आणि चोळायला लागली. गल्लीतनं हुग्गीच्या पंक्तीला लोक चालले होते. आम्हाला बोलावणं नव्हतं. जाणारा प्रत्येकजण ओट्याकडं बघत होता आणि अप्पा प्रत्येकाकडं बघत होता. पूर्वी तो भुईकडं बघायचा. अक्कानं भाकरी आणि चटणी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं पहिला घास खाल्ला आणि म्हणाला, "तिखट लई झालंय." अक्का म्हणाली, "खा गुमान." तीन दिवसांत त्या घरात पहिल्यांदा तिघं जेवलो.

मान गेला तो गेलाच. पुढं तो आमच्या घरात परत आला नाही, आणि मी मागायलाबी गेलो नाही. शेटच्या पुतण्यानं चार वर्षं खांदा भरला आणि पाठीचं दुखणं घेऊन बसला. ती लांब दांडी पुढं शेवटी कापलीच. कापायचीच होती तर आधी कापायची. पण माणसाला गल्ली फोडणं सोपं वाटतं.

पालखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मठात शंख वाजला तवा मी कडब्याच्या गंजीतनं पहार ओढून काढली. बैल जुंपले, ओढ्यावर गेलो, पहिली गाडी दगड घेऊन आलो आणि ओट्याच्या पुढं, गल्लीच्या अंगाला, हातभर जागा धरून पाया खणायला लागलो. समोर शेट पायरीवर उभा राहून दातण करीत होता. मग तोंडातली काडी काढून म्हणाला, "काय चाललंय रं आता?"

मी म्हटलं, "ओटा वाढवतोय, शेट. अप्पाला बसाय जागा पुरत न्हाय."